हरलेल्यांच्या बाजूला गेलेला माणूस

रोममध्ये ट्रेव्ही फाउंटनसमोर लोक काय करतात माहितीये ना, पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे नाणं टाकायचं, म्हणजे परत रोमला येणं होतं. आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली, मंडळी यात्रेला गेलो होतो तेव्हा आम्हीही टाकलं. तर पाठ फाउंटनकडे असली की तोंड चौकाकडे होतं, आणि त्या चौकाच्या कोपऱ्यावर एक जुनं चर्च आहे, समोरच्या भिंतीवर खांबच खांब. चारशे माणसं त्याच्याकडे तोंड करून उभी असतात आणि बघत कुणीच नाही. मी बघितलं ते केवळ ऊन लागत होतं म्हणून, सावलीला तिकडे गेले, आणि पाटीवर दोन नावं वाचली, संत व्हिन्सेंट आणि संत अनास्तासियुस. व्हिन्सेंट माहीत होता, स्पेनचा. दुसरा कोण? आमच्या सोबतच्या फादरांना विचारलं तर ते म्हणाले, "पर्शियाचा होता गं, आधी अग्निपूजक. २२ जानेवारीला सण असतो दोघांचा." एवढंच, कारण बस निघत होती.

घरी आल्यावर मी त्याच्या मागेच लागले. जिथून मिळेल तिथून वाचलं, आणि गेलं वर्षभर हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाहीये. का जात नाही ते सांगायचं तर आधी पावाची गोष्ट सांगावी लागेल.

मी वसईची. आम्ही घरात मराठी बोलतो, मिस्सा मराठीत ऐकतो, लग्नात हळद लावतो. शाळेत सातवीत असताना इतिहासाच्या तासाला वसईचा वेढा चालला होता, चिमाजी आप्पा, १७३९, आणि मागच्या बाकावरून एकजण मोठ्यानं म्हणाला, "पाववाले." सगळा वर्ग हसला. मला कळलंच नाही काय ते. घरी येऊन आजीला विचारलं तेव्हा तिनं ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगितली, की पोर्तुगिजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोकांनी ते पाणी प्यायलं, सकाळी कळलं की आपण बाटलो, आणि मग जातवाल्यांनी परत घेतलं नाही. आजी हे सांगताना तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत तिचे. मग म्हणाली, "आपण पाण्यानं बाटलो असू बाय, पण रोज सकाळी उठून मी प्रार्थना करते ती काय विहीर करते का?"

बाटणे. आपल्या भाषेत धर्म बदलणाऱ्यासाठी हाच शब्द पटकन येतो, आणि हाच शब्द आपण ओवळ्यातल्या भांड्याला वापरतो. बाटग्याची बांग मोठी, असंही म्हणतो. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक समजूत असते की धर्म बदलणारा माणूस दोनच कारणांनी बदलतो, एक तर जबरदस्ती झाली म्हणून, नाहीतर फायदा होता म्हणून. ज्याचं राज्य त्याचा देव. इतिहासात हे खूपदा खरं आहे, मी नाही म्हणत नाही, आमच्या वसईत १५३४ नंतर, पोर्तुगिजांचं राज्य आल्यावर, जे झालं त्यात दोन्ही होतं. पण या समजुतीत न बसणारी माणसं पण असतात, आणि त्यातला सगळ्यात न बसणारा म्हणजे हा ट्रेव्हीच्या कोपऱ्यावरचा.

त्याचं जन्माचं नाव मगुंदात. आजच्या तेहरानजवळ रय म्हणून जुनं शहर आहे, त्या रयच्या प्रांतातल्या एका गावचा. वडील बाव हे मगी होते, म्हणजे अग्नीचे पुजारी, आणि त्यांनी पोराला ती विद्या लहानपणापासून शिकवलेली. आता आपल्याकडे मुंबई-पुण्यात ज्यांच्या शेजारी पारशी राहिलेत त्यांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. अग्यारीतला मोबेद, तोंडासमोर पांढरं पदान बांधून अग्नीला चंदन वाहणारा, श्वाससुद्धा अग्नीला लागू नये म्हणून जपणारा, तो हाच धर्म, हीच परंपरा. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना तर हा शब्द नाताळातच भेटतो, तारा बघत बघत पूर्वेकडून जे येतात ते मागी लोक, ते याच्याच कुळातले. म्हणजे मगुंदात अडाणी नव्हता, वाट चुकलेला नव्हता, स्वतःचा धर्म न समजलेला नव्हता. पुजाऱ्याचं पोर होतं ते. सोडलं ते माहीत असून सोडलं.

मोठा झाल्यावर लष्करात, घोडदळात गेला, राजधानी टेसिफोनला. राजा खुस्रो दुसरा, ज्याला परवेझ म्हणतात तो, शिरीनचा खुस्रो. (अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातलं ते पर्शियन टोपीवाल्यांचं चित्र याच खुस्रोच्या वकिलातीचं आहे असं पूर्वी सांगायचे, मला लहानपणी गाइडनं तसंच सांगितलेलं, आता अभ्यासक ते फारसं मानत नाहीत कारण लेणं त्याच्या आधीचं ठरतं.) तर या खुस्रोचं रोमन साम्राज्याशी, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्वेकडच्या रोमनांशी मोठं युद्ध चाललेलं, आणि पर्शियन जिंकत होते, साधे नाही, सपाटून. ६१४ साली सेनापती शहरबराजनं जेरुसलेम घेतलं, प्रचंड कत्तल झाली, तिथले धर्मप्रमुख झकरिया यांना कैद करून नेलं आणि ज्या क्रूसावर ख्रिस्ताला खिळलं असं ख्रिस्ती लोक मानायचे त्या क्रूसाचं लाकूड लूट म्हणून टेसिफोनला आलं.

इथं गोष्ट सुरू होते. राजधानीत चर्चा, की ख्रिस्त्यांचा देवच आपण उचलून आणला. मगुंदातनं ते ऐकलं आणि त्याला प्रश्न पडला. बाकीच्यांना लूट दिसली, याला प्रश्न पडला की एका लाकडाला हे लोक एवढं का मानतात? आणि मेलेल्या, तेही गुन्हेगाराच्या मरणानं मेलेल्या माणसाला देव का म्हणतात? विचारत सुटला. ज्याचं सैन्य जिंकतंय, ज्याच्या राजाच्या खजिन्यात शत्रूचा देव ठेवलाय, त्या माणसाला प्रश्न पडावा हेच मला फार मोठं वाटतं. जिंकणाऱ्याला सहसा काही विचारायचं नसतं.

मग तो शाहीन नावाच्या सेनापतीबरोबर मोहिमेवर गेला, कॉन्स्टँटिनोपलच्या समोरच्या किनाऱ्यापर्यंत, आणि परत येताना लष्कर सोडलं. सोबत लष्करात भाऊ होता, त्यालाही सोडलं. थेट चर्चमध्ये गेला नाही. हिएरापोलिसला थांबला, आजचं सीरियातलं मनबिज, आणि तिथं एका पर्शियन ख्रिस्ती चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी राहून ते काम शिकायला लागला. घोडेस्वाराचा हात, तलवारीचा, तो चांदी ठोकायला बसला. त्या कारागिरानं लगेच बाप्तिस्मा घे म्हणून घाई केली नाही, उलट तो घाबरत होता, कारण पर्शियन राज्यात अग्निपूजकाला ख्रिस्ती करणं म्हणजे दोघांचा जीव जाणं. पण चर्चमध्ये जाताना याला सोबत न्यायचा. तिथं भिंतींवर रक्तसाक्षींची, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्यांची, चित्रं होती, आणि हा विचारायचा, हे कोण, याला काय केलं, का केलं, आणि तो सांगायचा. असा हा धर्म शिकला, भिंतीवरची चित्रं बघून, काम करता करता. मला इथं वसईतल्या आमच्या चर्चमधले लाकडी संत आठवतात, लहानपणी मी पण असंच आजीला विचारायचे, ह्याच्या हातात काय आहे, हिच्या पायाशी काय आहे.

तिथून जेरुसलेम. ६२० च्या सुमाराची गोष्ट. जेरुसलेम तेव्हा पर्शियनांच्याच ताब्यात, जळलेलं, पडलेलं, आणि धर्मप्रमुख कैदेत असल्यानं त्यांच्या जागी मोदेस्त नावाचे मठाधिपती कारभार बघत होते, पडलेली चर्चेस परत उभी करत होते. तिथंही हा एका चांदीकाम करणाऱ्याकडेच उतरला, त्यानं याला एलिया नावाच्या धर्मगुरूंकडे नेलं, त्यांनी मोदेस्तांकडे, आणि बाप्तिस्मा झाला. नाव ठेवलं अनास्तासियुस. ग्रीक भाषेत अनास्तासिस म्हणजे पुनरुत्थान, मेलेलं परत उठणं.

आता जरा बघा काय झालं ते. पर्शियन जिंकलेले. ख्रिस्ती हरलेले, त्यांचं पवित्र शहर गेलेलं, त्यांचा क्रूस गेलेला, त्यांचा धर्मगुरू गेलेला, आणि जिंकणाऱ्यांच्या घोडदळातला एक माणूस स्वतःच्या पायानं चालत येऊन हरलेल्यांच्यात बसतो. कुणी पाव टाकला होता? कुठली जमीन मिळणार होती? उलट जे होतं ते सगळं गेलं, घोडा, पगार, भाऊ, वडिलांचा वारसा.

मठ जेरुसलेमजवळचा, मठाधिपती जस्टिन. सात वर्षं राहिला तिथं. आणि या सात वर्षांत जे केलं ते म्हणजे स्वयंपाकघर, बाग, पडेल ते काम. सोबत ग्रीक अक्षरं शिकायची, स्तोत्रं पाठ करायची. मोठेपणी नवीन लिपी शिकणं काय असतं ते मी बघितलंय, माझ्या आजीनं साठीनंतर अक्षरं गिरवली होती, प्रार्थनेचं पुस्तक स्वतः वाचायचं म्हणून, एका ओळीवर अर्धा तास बोट. मी त्या पर्शियन माणसाला तसाच बघते, बोट ठेवून, ओठ हलवत. रक्तसाक्षींची चरित्रं वाचताना तो इतका रडायचा की पान भिजायचं, असं त्याच्या चरित्रात आहे. हे चरित्र त्याच्या मरणानंतर लगेचच लिहिलं गेलं, त्याला ओळखणाऱ्यांच्या मठातून, म्हणून त्यात बारीकसारीक खूप आहे.

एका रात्री स्वप्न पडलं, उंच डोंगरावर उभा आहे आणि कुणीतरी हातात सोन्याचा, रत्नं जडवलेला पेला दिला, द्राक्षारसानं भरलेला, म्हणाला घे, पी. उठला आणि त्याला कळलं. जस्टिनांना सांगितलं. काही दिवसांनी मठातून निघून कैसरियाला गेला, समुद्रकिनाऱ्यावरचं शहर, पर्शियन ठाणं तिथं. तिथं त्यानं काही पर्शियन मगी लोकांना मंत्रतंत्र करताना बघितलं आणि सरळ जाऊन बोलला, मी पण तुमच्यातलाच होतो, हे सोडा. मग काय, पकडलाच. आधी हेर म्हणून. मला इथं त्याचं थोडं खटकतं, खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच्या पूजेत जाऊन बोलायचं कारण नव्हतं असं मला वाटतं, आणि माझी लहानपणची पारशी मैत्रीण हे वाचत असेल तर तिला मी तेच सांगेन. पण पकडल्यावर तो जे वागला त्यापुढे मी गप्प होते.

मरझबान म्हणजे तिथला पर्शियन सुभेदार. त्यानं आधी घोडे देतो, पैसे देतो म्हटलं. नाही. मग झोडपायला सांगितलं. तेव्हा याची विनंती एकच, आधी हा मठाचा झगा काढू द्या, अंगाला मारा पण या कपड्याचा अपमान नको. झगा काढून ठेवला, जमिनीवर पडला, म्हणाला बांधायची गरज नाही, आणि हलला नाही. मग किल्ल्यात दगड वाहायला लावलं, साखळीनं दुसऱ्या कैद्याला जोडून. त्याच्याच प्रांतातले पर्शियन येऊन शिव्या द्यायचे, की आमच्या गावात असं कुणी केलं नाही, तू आमचं तोंड काळं केलंस, आणि दाढी धरून ओढायचे, मारायचे. गाववाल्यांचा राग मला कळतो. आपला माणूस गेला की परक्यापेक्षा जास्त लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय ती. रात्री तो स्तोत्रं म्हणायला उठायचा. पण साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगा होता, कुठल्याशा गुन्ह्यात शिक्षा झालेला, दिवसभर दगड वाहून मेल्यासारखा झोपलेला. हा उभा राहिला, ताठ झाला, की साखळी ओढली जाणार आणि तो जागा होणार. म्हणून हा मान खाली वाकवून, आपला पाय त्याच्या पायाला लागून ठेवून, तसाच वाकलेला रात्रभर प्रार्थना म्हणायचा. बस. चरित्रकारानं हे एका वाक्यात लिहून टाकलंय आणि पुढे चमत्कार सांगायला लागलाय, की एका यहुदी कैद्यानं रात्री त्याच्याभोवती प्रकाश बघितला वगैरे. मला प्रकाशापेक्षा ती वाकलेली मान दिसते. ज्याला मरण हवंय, जो देवापुढे उभा आहे, त्याला शेजारच्या चोराची झोप मोडायची नाहीये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होते, विरार फास्ट, नायगाव गेलं, वसई गेलं, उतरायचं राहून गेलं.

मग राजाकडून निरोप आला, आणि तो निरोप छळापेक्षा अवघड आहे असं मला वाटतं. फक्त एक शब्द बोल, मी ख्रिस्ती नाही, एवढाच, आणि मग सुट, कुठं जायचं तिथं जा, ख्रिस्ती राहा, मठात राहा, कोण विचारतंय. मरझबान तर म्हणाला, चारचौघांत लाज वाटत असेल तर माझ्यापुढे आणि आणखी दोघांपुढे बोल, कुणाला कळणार नाही. म्हणजे काही सोडायचं नव्हतं. मठ परत मिळत होता, बाग, स्वयंपाकघर, स्तोत्रं, सगळं. आपण रोज किती वेळा असा एक शब्द बोलून टाकतो. भाड्यानं घर बघताना एजंटनं मला हळूच सांगितलेलं, आडनाव सांगू नका, फक्त नाव सांगा, नाव तुमचं चालून जातंय. आणि मी नुसतं नाव सांगितलं होतं. घर मिळालं. त्या घरात राहिले तीन वर्षं तोवर देवघराच्या कोनाड्यात क्रूस ठेवायला हात गेला नाही माझा. अनास्तासियुसनं त्या दोघांपुढेही तो शब्द उच्चारला नाही.

१४ सप्टेंबरला, क्रूसाच्या सणाला, एका ख्रिस्ती जकात अधिकाऱ्यानं परवानगी काढून त्याला बेड्यांसकट चर्चमध्ये नेलं. तिथल्या लोकांनी त्याला बघितलं तेव्हा सण बाजूलाच राहिला, सगळे त्याच्या साखळ्यांना हात लावायला आले. कैसरियाच्या त्या लोकांची अवस्था बघा, त्यांच्या क्रूसाचा सण, आणि क्रूस शत्रूकडे, आणि समोर उभा आहे तो त्याच शत्रूतला, बेड्या घातलेला.

मग त्याला पर्शियाला नेलं. जस्टिनांनी मठातला एक भाऊ, म्हणजे सोबतचा संन्यासी, मागे पाठवला, की शेवटपर्यंत सोबत राहा आणि जे बघशील ते येऊन सांग. राजाचा महाल दस्तगिर्दला, त्याच्या अलीकडे बेथसालोए नावाच्या गावात तुरुंग. हे पण लक्षात घ्यायला पाहिजे की खुस्रो सरसकट ख्रिस्त्यांच्या जिवावर उठलेला नव्हता, त्याची राणी शिरीन ख्रिस्ती, त्याचा मोठा खजिनदार यझ्दिन ख्रिस्ती, आणि सोबत आलेला तो भाऊ त्या यझ्दिनच्याच मुलाच्या घरी उतरला होता. जन्मानं ख्रिस्ती असलात तर दरबारातही चालायचं. अग्नी सोडून आलात तर मरण. आणि हे फक्त पर्शियनांचं पाप नाही हो, गोव्यात १५६० साली माझ्याच चर्चचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्यात बाप्तिस्मा झालेला माणूस घरात जुना देव ठेवतो, जुने रिवाज पाळतो म्हणून पकडला जायचा. दार आत यायला उघडं, बाहेर जायला बंद. मगुंदातसाठी मी रडते आणि त्यांच्यासाठी रडत नाही असं मला करता येत नाही.

बेथसालोएचं मी फार लिहित नाही. मार, नडग्यांवर लाकडी तुळई ठेवून वर माणसं उभी करणं, एका हातानं टांगून पायाला दगड. २२ जानेवारी ६२८ ला त्याला आणि सुमारे सत्तर ख्रिस्ती कैद्यांना नदीकाठी नेलं, त्याच्या डोळ्यांदेखत एकेकाचा गळा दोरीनं आवळला, आणि प्रत्येकानंतर त्याला विचारलं, असंच मरायचंय का? तो म्हणाला मला वाटलं होतं तुम्ही माझे तुकडे कराल, एवढ्याशा दुःखावर भागत असेल तर देवाचे आभार. मग त्याचाही गळा आवळला, आणि नंतर शीर तोडलं.

त्यानंतर दहा दिवसांत, असं चरित्र सांगतं, रोमनांचा सम्राट हेराक्लियस याचं सैन्य तिथं पोचलं. डिसेंबरात निनवेजवळ पर्शियन हरले होतेच. त्याच फेब्रुवारीत खुस्रोला त्याच्या मुलानं पदच्युत केलं आणि मारलं. म्हणजे महिनाभर थांबला असता तर जगला असता. आणि काही काळानं क्रूससुद्धा जेरुसलेमला परत गेला. जिंकणारे हरले. पण त्यानं बाजू घेतली ती हरलेली असतानाच घेतली होती.

पुढे त्याचं डोकं रोमला गेलं, मठ त्याच्या नावाचा झाला, ७८७ सालच्या निकियाच्या धर्मसभेत त्याच्या चित्राचा चमत्कार वाचून दाखवला, आणि तिकडे इंग्लंडच्या उत्तर टोकाला बीड नावाच्या विद्वान संन्याशानं त्याच्या चरित्राचं वाईट लॅटिन भाषांतर बसून नीट केलं, तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. रयचा पुजाऱ्याचा पोरगा कुठं कुठं गेला. आणि पर्शियाचे ख्रिस्ती आपल्यापर्यंतही आले होतेच, सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या व्यापाऱ्यानं लिहिलंय की कल्लियानाला पर्शियातून नेमलेला बिशप आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. उल्हास नदीवरचं कल्याण, जिचं पाणी आमच्या वसईच्या खाडीतून समुद्राला जातं. माझे पूर्वज त्यांच्यातले होते असं मी म्हणत नाही, ते पोर्तुगिजांच्याच वेळचे. पण पाण्यात पाव पडायच्या हजार वर्षं आधी त्या पाण्याकाठी कुणीतरी पर्शियन स्तोत्रं म्हणत होतं, एवढं मला आजीला सांगायचं होतं. ती २०११ ला गेली.

तो सोबतचा भाऊ, ज्याचं नावसुद्धा चरित्रात नाही, त्यानं प्रेत रात्री उचलून जवळच्या संत सर्जियसच्या मठात पुरलं. देह एवढ्या लांब नेता येणार नव्हता. मग हेराक्लियसच्या सैन्याबरोबर, आर्मेनियामार्गे, वर्षभरानं तो आपल्या मठात पोचला, आणि जस्टिनांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि पिशवीतून अनास्तासियुसचा झगा काढून त्यांच्या हातात दिला.